लालातलं निळं

माझ्या मोठ्या भावानं सव्वीस वर्षं चाकणच्या एका मोटार कंपनीच्या पेंट शॉपमध्ये दोष शोधले. गाड्या रंगवायला यंत्रं होती. त्यांचं काम संपलं की गाडी ट्यूबलाइटांच्या बोगद्यात यायची आणि दादा तिच्याभोवती मान तिरकी करून फिरायचा. कुठं धुळीचा कण बसलाय, कुठं रंगाचा ओघळ आलाय, कुठं दुसऱ्याच रंगाचा शिंतोडा उडालाय, हे बघायचा. सापडलं की घासायचं, भरायचं आणि पुन्हा रंगवायचं. तेही असं, की तिथं कधी काही झालं होतं हे मालकाला कळू नये. याला टचअप म्हणतात. काम उत्तम झालं की ते झालंच नाही असं वाटावं, अशा मोजक्या धंद्यांपैकी हा एक. चांगलं भाषांतर हा दुसरा.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन विभागात तंत्रज्ञ आहे. माणसाच्या शरीराचा इवलासा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि त्यांवर रंग चढवायचा, हे माझं काम. आपण आतून लालभडक आहोत असा सगळ्यांचा समज असतो. एवढ्या पातळ कापात माणूस पाण्यासारखा असतो, काही म्हणता काही दिसत नाही. रंग दिला की दिसायला लागतो. आमचे वडील बीडहून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागले होते. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "दोन्ही पोरं रंगकामात आहेत." त्यात खोटं काही नव्हतं.

दादा निवृत्त झाला तेव्हा कंपनीत छोटा समारंभ झाला. कंपनी हे एक कुटुंब आहे, असं एका साहेबांनी सांगितलं. मग कुटुंबानं त्याचं ओळखपत्र जमा करून घेतलं आणि त्याला गेटपर्यंत सोडलं. पुढचा महिनाभर दादा घरातल्या दोषांमागे लागला. वहिनीच्या फ्रिजवरचे ओरखडे गेले, कपाटाची दारं चकचकीत झाली, शेजाऱ्यांची लोखंडी फाटकं संपली. शेवटी वहिनीनंच त्याला तळवड्याच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात पाठवलं. गॅरेजवाले भाई आमच्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीचे. त्यांचे वडील आणि आमचे वडील एकाच शिफ्टला होते. भाईंनी त्याला एक कोपरा दिला आणि सांगितलं, "दादा, फक्त गिऱ्हाइकांसमोर माझ्या कामातल्या चुका काढू नका. ते गेल्यावर काढा."

अशात एका शनिवारी तो मला न्यायला स्कूटरवर आला. माझं काम उरकलं नव्हतं, म्हणून त्याला प्रयोगशाळेत बसवलं. त्यानं दोन मिनिटांत दरवाजाच्या रंगातला दोष काढला. तो गप्प बसावा म्हणून मी त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काचेखाली मूत्रपिंडाचा काप होता. दादानं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हे कुणी रंगवलंय?"

"मी."

"आकार पण?"

"आकार आतलाच असतो. मी फक्त रंग देते."

"किती कोट?"

"दोन."

"फिनिश चांगलंय," तो म्हणाला. लहान वयात मी वर्गात पहिली आले तेव्हा तो एवढं बोलला नव्हता.

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. मग भाईंच्या गॅरेजात, मोडीत निघालेल्या पेट्रोलच्या टाक्यांच्या झाकणांवर आणि गाडीच्या दारांच्या तुकड्यांवर, त्यानं शरीर रंगवायला सुरुवात केली. मूत्रपिंडाच्या गाळण्या, त्वचेचे थर, फुप्फुसांची जाळी. त्यानं चित्रकलेचा वर्ग कधी पाहिला नव्हता, पण हात स्थिर होता आणि रंग मिसळताना त्याचा अंदाज चुकत नसे. मी स्लाइडवरचं दाखवायची आणि तो ते धातूवर उतरवायचा. गाडीचा रंग त्यावर असा चमकायचा, की आतडं शोरूममध्ये ठेवावंसं वाटायचं. वहिनीचं मत वेगळं होतं. "जेवायच्या खोलीत आतडं नको," तिनं सांगितलं आणि ते चित्र बाहेरच्या खोलीत नेऊन लावलं. तिथं वाकडला राहणाऱ्या तिच्या भाचीनं ते पाहिलं आणि हे अमूर्त चित्र कुठल्या प्रदर्शनातून घेतलं, असं विचारलं. वहिनी म्हणाली, "घरचंच आहे." ती पहिल्यांदा खूश झालेली मी पाहिली.

आमच्या विभागप्रमुख मॅडम हृदयावर संशोधन करतात. गेल्या वर्षी त्यांच्या नव्या प्रयोगशाळेची इमारत उभी राहिली. तिच्या दर्शनी भिंतीवर काय लावायचं यावर बैठका झाल्या. महाविद्यालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची सूचना तयारच होती: बारा फुटी फ्लेक्स, त्यावर मधोमध गुलाबी हृदय, त्यात उगवता सूर्य, आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना संस्थेच्या मान्यवरांचे फोटो. मान्यवर इतके होते की सूर्याला जागा उरत नव्हती. मॅडमनी ते पाहून चष्मा पुसला. मी चहाच्या वेळी त्यांना माझ्या फोनमधली दादाची चित्रं दाखवली. त्यांनी एकेक मोठं करून पाहिलं.

"हे करतील का आपल्यासाठी?" त्यांनी विचारलं. "हृदयाचं?"

मॅडमच्या परवानगीनं मी एका स्लाइडचे मोठे फोटो काढले, पेशंटचा नंबर झाकून दादाला दिले आणि सांगितलं, "हा हृदयाचा स्नायू. मॅडमचं सगळं काम यावरच आहे." एवढंच सांगितलं. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यातला अर्धा वाटा माझा आहे.

भाईंनी एका मोठ्या गाडीचं बॉनेट दिलं. दादानं ते ठोकून सपाट केलं आणि दीड महिना कुणाला पाहू दिलं नाही. त्याला काही विचारलं की म्हणायचा, "प्रायमर सुकतोय." इतका हट्टी प्रायमर जगात नसावा. उद्घाटन शुक्रवारी होतं. आधीच्या शनिवारी भाईंच्या टेम्पोतून, दोन गोधड्यांत गुंडाळून, ते बॉनेट आम्ही विभागात आणलं. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. जनसंपर्क अधिकारीही आले होते. त्यांचा फ्लेक्स छापून तयार होता, आणि तो वाया जाईल की नाही याची त्यांना काळजी होती.

गोधड्या काढल्या. मी सव्वीस वर्षं दादाच्या हातच्या सफाईबद्दल ऐकत आले होते, ती त्या दिवशी खरी पाहिली. हृदयाचे स्नायू साध्या समांतर दोऱ्यांसारखे नसतात. त्यांना फांद्या फुटतात, एकाची फांदी दुसऱ्यात शिरते, आणि नीट पाहिलं तर प्रत्येकावर बारीक आडव्या रेघा असतात. दादानं ती प्रत्येक रेघ घेतली होती. लाल रंगच किती होते कुणास ठाऊक. कुठं विटेचा, कुठं डाळिंबाचा, कुठं जवळजवळ काळा. आणि वर काचेसारखा चकचकीत थर.

मॅडम जवळ गेल्या. मग दोन पावलं मागे आल्या. मग पुन्हा जवळ गेल्या.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, हे त्याच स्लाइडवरून केलंय ना?"

"हो."

"मग निळं कुठंय?"

मी पाहिलं. इतका वेळ मी लालच पाहत होते. चित्रात निळा रंग कुठंही नव्हता.

"ते मी काढलं, मॅडम," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "फोटोत मधोमध निळा आला होता. असं होतं. आधीची बॅच निळ्या गाड्यांची असली आणि पाइप नीट धुतला नसला की लाल गाडीवर निळा उडतो. आमच्याकडे रोजचंच होतं ते. बहिणीला बोललो नाही. कामात होतं कधीतरी."

कुणी हसलं नाही. मॅडम तर नाहीच. दादानं दीड महिना मला सांभाळून घेतलं होतं. मी रंगाची भांडी नीट धूत नाही असं समजून तो माझी चूक झाकत होता.

मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं. आम्ही वापरतो त्या रंगात निरोगी स्नायू लाल दिसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर जो स्नायू मेला त्या जागी व्रण तयार होतो, आणि तो व्रण निळा दिसतो. स्लाइडवरचा निळा कुठून उडालेला नव्हता. तो त्या माणसाच्या हृदयातच होता.

"ही सगळी प्रयोगशाळा त्या निळ्यासाठीच बांधलीय," त्या म्हणाल्या. "तो कमी कसा करता येईल, हे शोधायला."

"म्हणजे मी रोगच पुसला," दादा म्हणाला.

"आम्हाला जमत नाही ते तुम्हाला जमलं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "पण दादा, मला हे असं लावता यायचं नाही. हे खरं हृदय नाहीये. माझे विद्यार्थी रोज या भिंतीसमोरून जाणार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत निळं आलं तर हेच लावू."

"आणि नाही आलं तर आपला फ्लेक्स आहेच," जनसंपर्क अधिकारी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम तजेला आला होता.

परत जाताना टेम्पोत दादा मागे बॉनेटपाशी बसला. भाई मला हळूच म्हणाले, "ताई, आज तो कुणाशी बोलायचा नाही. सव्वीस वर्षांत त्याची गाडी माघारी आली नव्हती. आज बॉनेट माघारी चाललंय."

खरी भीती ही होती. चित्र भिंतीवर लागलं नाही तर जगाचं काही बिघडणार नव्हतं. पण दादा पुन्हा ब्रश धरणार नाही, हे मला त्याच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून कळत होतं. माणसं मोठ्या अपयशानं मोडत नाहीत. आपण ज्यात बिनचूक आहोत असं वाटतं, तिथं एकदा चूक झाली की मोडतात.

रविवारी मी गॅरेजात गेले. दादानं निळा भरला होता. चिकटपट्टी लावून, कडा आखून, एकसारखा. लाल स्नायूंच्या मधोमध एखाद्या देशाचा नकाशा चिकटवल्यासारखा तो दिसत होता.

"ये तो स्टिकर लगता है," भाई म्हणाले.

दादानं कुणाकडेही न बघता पॉलिश पेपर घेतला आणि पाणी मारत तो सगळा निळा घासून काढला. सोमवारी पुन्हा केला, पुन्हा घासला. मंगळवारी मी कामावरून तिथं पोचले तेव्हा तो हातात रंगाची बंदूक धरून नुसता उभा होता.

"हात जात नाही गं," तो म्हणाला. "लालावर निळा उडवायचा म्हणजे... हे मी आयुष्यभर काढत आलो. रंगाच्या बूथमध्ये असं कुणी केलं तर त्याला बाहेर काढायचो."

"दादा, चूक माझी आहे. मी तुला निळ्याचं सांगायलाच हवं होतं."

"आता सांग मग. ते तिथं येतं कसं?"

मला वाटलं, याला शास्त्र कशाला सांगायचं. पण तो स्टुलावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मी सांगितलं. एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. तिच्यापुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. हृदयाचा स्नायू पुन्हा वाढत नाही. पण तिथं खळगा ठेवून चालत नाही, कारण आतून रक्ताचा दाब असतो, भिंत फुटेल. मग शरीर तिथं जे मिळेल ते भरतं. चिवट धागे विणतं. त्या धाग्यांना आकुंचन पावता येत नाही, स्नायूचं काम ते करत नाहीत. पण भिंत धरून ठेवतात.

दादा ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे लांबी भरतं."

गाडीच्या पत्र्याला खळगा पडला की त्यात जो मलम भरून घट्ट करतात त्याला गॅरेजात लांबी म्हणतात. दादानं जन्मभर ती भरली होती.

"साधारण तसंच," मी म्हणाले.

"साधारण कसलं, तेच की. पत्रा नवा मिळत नाही, म्हणून भरायचं. लांबी काय पत्रा नसते, पण गाडी चालते." तो उठला. "अगं, मग हा डाग नाहीच. हे टचअप आहे. तू आणि तुझ्या मॅडम त्याला रोग म्हणता."

"रोग म्हणजे ते कमी झालं तर—"

"ते तुम्ही बघा. ज्यानं भरलं त्यानं त्या वेळी बरोबर केलं." त्यानं बॉनेटकडे पाहिलं. "फक्त त्यानं वरून लाल मारला नाही. दिसू दिलं. आमच्याकडे हे चाललं नसतं."

भाई दारातून म्हणाले, "इन्शुरन्सवाला लगेच पकडेल राव."

त्या दिवशी दादानं निळा रंग पुन्हा मिसळला. या वेळी चिकटपट्टी काढून ठेवली. मधोमध निळा दाट दिला, आणि कडेला बंदूक लांब धरून, हवा कमी करून, तो पसरू दिला. तीच चूक, जी पकडण्यात त्याची हयात गेली होती, ती त्यानं हवी तिथं आणि हवी तेवढी केली. मग सगळ्यात बारीक ब्रश घेऊन निळ्याचे धागे जिवंत स्नायूंच्या मधून ओढले. काही लाल फांद्या निळ्यात अडकून राहिल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं फोटो पुन्हा पाहिला होता, आणि या खेपेला दोष शोधण्यासाठी पाहिला नव्हता.

गुरुवारी दुपारी बॉनेट पुन्हा गोधड्यांतून विभागात आलं. मॅडम हातमोजे न काढताच बाहेर आल्या. निळ्यावरून त्यांनी, न टेकवता, एक बोट फिरवलं.

"हा ताजा व्रण नाही," त्या म्हणाल्या. "जुना आहे. माणूस त्यानंतर बरीच वर्षं जगलाय."

"जगलाच असणार," दादा म्हणाला. "काम चांगलं झालंय."

मॅडमनी शिपायाला शिडी आणायला सांगितली. फ्लेक्स जिन्याखाली गेला. तो अजून तिथंच आहे, सूर्य बाहेरच्या बाजूला करून.

शुक्रवारचा समारंभ अशा समारंभांसारखाच झाला. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले, म्हणून वेळेचं महत्त्व या विषयावर कुणी बोललं नाही. दीपप्रज्वलनाला अकरा जण होते आणि वाती पाच. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी चित्राचं वर्णन करताना निळा रंग म्हणजे आशेचं अथांग आकाश आहे असं सांगितलं. टाळ्या झाल्या. मी दादाकडे पाहिलं. तो वहिनीच्या कानात काहीतरी म्हणाला आणि वहिनीनं पदर तोंडाला लावला. नंतर कळलं, तो म्हणाला होता, "आकाश नाही, लांबी." भाई मागच्या रांगेत नवा कुर्ता घालून बसले होते आणि शेजारच्या डॉक्टरांना ते बॉनेट कुठल्या गाडीचं हे समजावून देत होते.

दादाला शाल आणि नारळ मिळाला. मला अशा शालींचं फारसं काही वाटत नाही. आमच्या शहरात त्या इतक्या वाटल्या जातात, की थंडीच तेवढी पडत नाही. पण त्या दिवशी ती त्याच्या खांद्यावर पडली तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि शेजारच्या माणसानं वळून पाहिलं तरी थांबले नाही.

प्रमुख पाहुणे तळेगावकडचे एक कारखानदार होते, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे. भाषणं संपल्यावर ते चित्रासमोर आले. त्यांच्यामागे लोकांचा घोळका होता. मॅडम त्यांना सांगायला लागल्या: लाल म्हणजे स्नायू, निळा म्हणजे झटक्यानंतरचा व्रण. ते मान हलवत होते, तशी पाहुणे हलवतात. मग मान हलवायची थांबली.

"मला तीन वर्षांपूर्वी आला होता," ते म्हणाले. आवाज माइकवरचा नव्हता. "म्हणजे माझ्यात पण हे असेल?"

मॅडम उत्तर जुळवत होत्या. डॉक्टरांना अशा प्रश्नांना खरं उत्तर द्यायचं असतं, आणि खऱ्या उत्तराला जरा वेळ लागतो. दादा बाजूला शाल सावरत उभा होता.

"असेल साहेब," तो म्हणाला. "नीट भरलंय, म्हणून तर उभे आहात."

कारखानदारांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. त्यांचा हात नकळत कोटाच्या छातीवरच्या खिशावर गेला.

"तुम्ही कुठं होता?"

"पेंट शॉपला. चाकणला. टचअपला."

"मग तुम्हाला कळणार," ते म्हणाले, आणि त्यांनी नमस्कार केला. घोळक्यातल्या पंधरावीस जणांना त्यांनी नुसती मान डोलावली होती. दादाला दोन्ही हात जोडले.

एवढ्यात जनसंपर्क अधिकारी छायाचित्रकाराला घेऊन पुढं आले. पाहुणे मधोमध, मॅडम एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला अशी त्यांनी रचना केली आणि पाहुण्यांना हातानं मागे सरकवत बरोबर चित्राच्या पुढ्यात आणलं. छायाचित्रकारानं कॅमेरा उचलला. दादा ओळीतून बाहेर आला, मान तिरकी करून त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि प्रमुख पाहुण्यांच्या कोपराला हात लावला.

"साहेब, जरा या बाजूला या," तो म्हणाला. "निळं झाकतंय."